दहा जीबीची दिवाळी

दिवाळी अंक काढायचा तर पूर्वी बायकोच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागत. आता डोमेन घेतलं की भागतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून लिहित्या मराठी माणसाला आयुष्यात दोन गोष्टी कराव्याशा वाटत आल्या आहेत. पहिली, दिवाळी अंकांना साहित्य पाठवणं. आणि दुसरी, ते साभार परत आलं की स्वतःचाच दिवाळी अंक काढणं. पहिल्या गोष्टीत मी पुष्कळ वर्षं घालवली. मग निवृत्त झालो आणि २०२२ मध्ये दुसरीकडे वळलो.

छापील अंकाचं गणित मला तोंडपाठ होतं. कागद, छपाई, बांधणी, टपाल. हजार प्रती काढल्या की हजार प्रतींचं बिल. मग त्यातल्या दोनशे खपोत की दोन. उरलेल्या दिवाणाखाली जातात आणि पुढे येईल त्या पाहुण्याच्या हातात निघताना कोंबल्या जातात. ऑनलाइन अंकाला यातलं काहीच नाही, असं मी सगळ्यांना पटवून दिलं. पटवताना एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. ऑनलाइन अंकाच्या प्रती आधी निघत नाहीत. वाचकानं अंक उघडला की त्या क्षणी त्याच्यापुरती एक प्रत सर्व्हरवरून निघते. त्यानं पुन्हा उघडला की पुन्हा निघते. महिन्याभरात अशी किती मालवाहतूक करायची, याची मर्यादा होस्टिंगवाल्यानं घालून ठेवलेली असते. ती भरली की अंक बंद. छापील अंक वाचक न मिळाल्यानं बंद पडतात. आमचा वाचक फार झाल्यानं बंद पडला, अशी निदान भाऊबीजेपर्यंत माझी समजूत होती, आणि ते दिवस फार सुखाचे गेले.

आमचं संपादक मंडळ सोसायटीतच जमलं. संपादक मी. खजिनदार म्हणून शेजारच्या इमारतीतले निवृत्त बँक अधिकारी. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत एकही कर्ज बुडालं नाही, कारण त्यांनी सहसा ते मंजूरच केलं नाही. सजावटीला एक चित्रकार स्नेही आणि कविता विभागाला एक कवी. कविता विभागावर कवीला नेमू नये, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तांत्रिक विभाग मी माझ्याकडेच ठेवला. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि काही वर्षांतच आमच्या ऑफिसात मोडेम आला. तो किरकिरत जोडला जात असताना त्याच्या शेजारी उभं राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे.

होस्टिंग घ्यायला बसलो तेव्हा समोर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा योजना मांडलेल्या होत्या. धनत्रयोदशी जवळ आल्यामुळे माझी नजर साहजिकच सोन्याकडे गेली. खजिनदारांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून चांदीच्याही खालची एक योजना हुडकून काढली. तिचं नाव ‘स्टार्टर’. पाच जीबी जागा, १०० एमबीपीएस पोर्ट आणि बँडविड्थ महिना १० जीबी.

“बँडविड्थ म्हणजे काय?” खजिनदारांनी विचारलं.

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा, अशी माझी कितीतरी वर्षांची इच्छा होती. मी म्हणालो, “बँडविड्थ म्हणजे रुंदी. ऐसपैसपणा. आपला अख्खा अंक नऊशे एमबीच्या पुढे जात नाही. दहा जीबीत तो दहा वेळा मावेल.”

“मग दहा कशाला घ्यायचे? पाचाची योजना नाही का?”

पाचाची नव्हती, म्हणून नाइलाजानं दहाची घेतली. पहिल्या वर्षाचा भाव इतका कमी होता की खजिनदारांनी पावती दोनदा वाचली. दुसऱ्या वर्षीचा भाव त्याच पावतीच्या तळाला बारीक अक्षरात होता. तो वाचण्यासाठी चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणावा लागला असता.

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला मी ही बातमी आनंदानं कळवली. तो मोजकं बोलतो. “मामा, पानाचं वजन किती आहे?”

“अरे, कागदच नाही तर वजन कसलं?”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं, दिवाळीत बोलू.” हल्लीच्या मुलांना वडीलधाऱ्यांशी चर्चा करायला वेळ नसतो, असं मी सौ.ला म्हणालो. ती म्हणाली, “त्याला वेळ आहे. तुम्हाला समजावण्याइतका नाहीये, एवढंच.”

यानंतर अंक सजवायला घेतला. चित्रकार स्नेह्यांनी मुखपृष्ठावर एक पणती रंगवली. तिची प्रत्येक छटा वाचकापर्यंत पोचलीच पाहिजे, या आग्रहापायी त्या एका पणतीची फाइल नऊ एमबीची झाली. पान उघडताच सनई सुरू व्हावी, ही कल्पना माझी. सनई सहा एमबी. शेजारी संपादकांचं छायाचित्र हवंच. ते मोबाइलमधून निघालं तसंच चढवलं. पानावर ते टपालाच्या तिकिटाएवढं दिसे, पण फाइल आठ एमबीची होती. पोळीभाजी केंद्र आणि गणिताच्या क्लासच्या जाहिराती लुकलुकत राहाव्यात अशी जाहिरातदारांची अट होती. त्या लुकलुकीचे पाच एमबी.

राहता राहिली कविता. आमच्या कवींना युनिकोडमध्ये टाइप करणं मान्य नव्हतं. त्यांच्या मते हस्ताक्षर हा कवितेचाच भाग असतो. म्हणून त्यांच्या तीन कविता त्यांच्याच अक्षरात स्कॅन करून पहिल्याच पानावर लावल्या. स्कॅनरला मी ६०० डीपीआयचा हुकूम दिला, कारण यादीतला सगळ्यात मोठा आकडा तोच होता. एफोर आकाराचा कागद ६०० डीपीआयनं स्कॅन केला की आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके होतात, म्हणजे एका कवितेला जवळजवळ साडेतीन कोटी. वाचकाच्या मोबाइलचा पडदा साधारण हजारभर ठिपके रुंद. उरलेले त्याच्या फोनपर्यंत प्रवास करून येत आणि बाहेरच उभे राहत. एकेका कवितेची फाइल चार एमबीची झाली. तीच कविता टाइप केली असती तर एक केबीच्या आसपास भरली असती. समीक्षक ज्याला वजनदार कविता म्हणतात ती मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिली.

बेरीज करायची सवय असलेल्या वाचकांच्या हे लक्षात आलंच असेल की पहिलं पान चाळीस एमबीचं झालं. आमच्यात ती सवय फक्त खजिनदारांना होती, आणि ते फक्त रुपयांची बेरीज करतात.

अंक २१ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या मुहूर्तावर निघाला. लिंक सोसायटीच्या, शाळेच्या वर्गाच्या, नातेवाइकांच्या, योगवर्गाच्या अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाठवली. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका मावसभावालाही पाठवली. त्यामुळे अंक ‘सातासमुद्रापार’ गेला असं लगेच जाहीर करता आलं. साइटच्या आकडेवारीत ‘हिट्स’ नावाचा एक रकाना असतो. तो सकाळी शेकड्यात होता, दुपारपर्यंत हजारांत गेला. मी ग्रुपवर लिहिलं, “अंकाला हजारो वाचकांचा प्रतिसाद!” खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कवींनी तर ‘तिसरी आवृत्ती केव्हा?’ असं विचारलं.

आणि २४ तारखेला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, सौ. ताटात बत्तासे मांडत असताना पहिला फोन आला. आत्या होती. “अरे, तुझा अंक उघडला तर पांढरं पान आलं. वर लिहिलंय लिमिट एक्सीडेड. कार्डाचं बिल भरलं नाहीस का? अडचण असेल तर सांग हो, घरातल्या घरात आहे.”

दुसरा फोन कवींचा. त्यांना यात सरकारी दडपशाही दिसत होती. “तिसऱ्या कवितेतली शेवटची ओळ त्यांना झोंबली असणार,” ते म्हणाले, आणि आवाजावरून तरी खूश वाटले. तिसरा खजिनदारांचा. “लिमिट एक्सीडेड म्हणजे ओव्हरड्राफ्ट. व्याज कोण भरणार?”

पडद्यावर खरोखरच तेवढंच होतं : ‘५०९, बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’. वेबवरच्या अपघातांना क्रमांक असतात. पान सापडलं नाही की ४०४, सर्व्हर सेवा देण्याच्या स्थितीत नसला की ५०३. या क्रमांकांची एक अधिकृत यादी आहे आणि ५०९ हा तिच्यात नाहीच. होस्टिंगच्या धंद्यात तो आपला रूढ झालेला आहे. म्हणजे आमच्या अंकाला मरण आलं तेही नोंदणीबाहेरचं.

पूजा उरकून मी होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर गेलो. पलीकडच्या माणसानं आधी मला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, मग संयमाबद्दल आभार मानले (मी अजून दाखवलेलाही नव्हता), आणि मग सांगितलं की माझा महिन्याचा कोटा संपला असून तो १ नोव्हेंबरला आपोआप भरेल. तोवर थांबायचं नसेल तर ‘अनलिमिटेड’ योजना घ्या, सणाची सवलत चालू आहे.

अनलिमिटेड म्हटल्यावर मी मोहरलो. खजिनदार मात्र नियमावलीच उघडून बसले. बँकेत घालवलेल्या आयुष्याचा समाजाला झालेला हा पहिला उपयोग. बँडविड्थ अमर्याद, पण वापर ‘वाजवी’ असावा. वाजवी म्हणजे किती, हे कंपनी ठरवणार. फायलींची संख्या अमुकच्या वर नको, प्रोसेसरचा वेळ तमुकच्या वर नको, व्हिडिओ आणि गाणी साठवायची नाहीत आणि शेजारच्या साइटींना त्रास झाला तर सूचना न देता बंद करू. कारण सरळ आहे. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो साइटी भाड्यानं राहतात आणि सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर तो भाव परवडतो. ‘अमर्यादित थाळी’ची पाटी लावणाऱ्या खानावळीत आत गेल्यावर दुसरी पाटी दिसते : श्रीखंड एकदाच, वाटून खाऊ नये, अन्न टाकल्यास दंड. दोन्ही पाट्या खऱ्याच असतात. बाहेरची भूक वाढवायला आणि आतली ती आवरायला.

सौ.नं सुचवलं, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरूनच का चालवत नाही? सूचना वाटते तितकी अडाणी नव्हती. जगातली पहिली वेबसाइट १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या सर्नमधल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनच चालत होती आणि ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी चिठ्ठी त्यांनी त्यावर चिकटवली होती. पण ते पडलं जिनिव्हा. आमच्या घरात चिठ्ठी वाचून बटण बंद न करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चिठ्ठी दिसली की ती नीट वाचता यावी म्हणून आधी प्लग काढतील.

दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होतं. इतक्या वर्षांनी दिवाळीत ग्रहण आलं म्हणून सगळे गच्चीवर. कवी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “आपल्यालाही लागलंय.” सूर्याचं ग्रहण मावळतीबरोबर दिसेनासं झालं. आमचं पुढे चालू राहिलं. त्या संध्याकाळी गच्चीवर मला भेटलेल्या प्रत्येकाला मी खांदे उडवून सांगत होतो, “काय करणार, वाचकांची झुंबडच इतकी! सर्व्हर कोसळला.” अंक चालू असताना मला एवढा मान कधीच मिळाला नव्हता.

२६ तारखेला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली, त्यामुळे खिशाची मर्यादाही त्याच दिवशी ओलांडली. बहिणीकडे ओवाळून झालं, ताटात पाकीट टाकलं, आणि भाच्यानं चकलीच्या डब्याशेजारी लॅपटॉप उघडला. साइट बंद असली तरी तिचे हिशेब पाहता येतात, हे मला तेव्हा कळलं. न कळतं तर बरं झालं असतं.

“मामा, हे हिट्स म्हणजे वाचक नव्हेत. पानावरची प्रत्येक फाइल मागितली की एक हिट. एका पानावर साठ चित्रं, बटणं, बाण असतील तर एक माणूस एकदा आला की साठाहून जास्त हिट्स.”

“म्हणजे हजारो वाचक...”

“दोन आकडी.” त्यानं चकली मोडली. “आता हे बघ. दहा जीबी म्हणजे १०,२४० एमबी. तुझं पहिलं पान चाळीस एमबीचं. भागाकार केला की २५६. महिन्यात २५६ वेळा पान उघडलं की कोटा संपला. वाचकाच्या मोबाइलच्या पॅकमध्ये रोजचे दीड जीबी असतात. सात जणांनी मनात आणलं तर तुझा महिना ते एका दिवसात संपवतील.”

हा आकडा मला लागला. २०१६ नंतर आपल्याकडे डेटा इतका स्वस्त झाला की गल्लीतला पोरगा बसस्टॉपवर क्रिकेटचे तुकडे बघत जेवढा संपवतो, तेवढाही आमच्या समग्र साहित्य चळवळीच्या नावावर नव्हता.

“पण ते २५६ तरी वाचकच ना?” मी शेवटचा बुरूज लढवला.

भाच्यानं दुसरं पान उघडलं. मीटर १ ऑक्टोबरपासून चालू होता. अंक निघाला २१ तारखेला. तोवर निम्मा कोटा संपलेला होता, आणि तो संपवणाऱ्यांचे पत्ते सगळे आमच्याच सोसायटीतले. मुद्रितं आम्ही चालू साइटवरच तपासत होतो. एक अनुस्वार बदलला की मी पान ताजं करून पाही. ब्राउझर शहाणा असतो. एकदा उतरवलेली चित्रं तो जपून ठेवतो आणि पुन्हा मागवत नाही. पण जुनंच पान दिसत राहतं म्हणून कंट्रोल आणि एफ-५ ही बटणं एकदम दाबायची, ही विद्या मीच सगळ्यांना शिकवली होती. ती दाबली की ब्राउझर जपलेलं सगळं बाजूला ठेवून पणती, सनई, कविता आणि संपादक नव्यानं मागवतो. एका अनुस्वाराला चाळीस एमबी. शिवाय कवी साइटच्याच ईमेल खात्यावर आपले स्कॅन पाठवत होते आणि आमच्या योजनेत ईमेलची वाहतूकही याच मीटरवर मोजली जात होती. प्रकाशनाच्या आधीच निम्मा खप झालेला हा मराठीतला बहुधा एकमेव अंक.

उरलेल्यातला मोठा वाटा यंत्रांचा. शोधयंत्रांचे आणि आणखी कसकसल्या कंपन्यांचे रोबो जगातली पानं चाळत रात्रंदिवस हिंडत असतात. त्यांनी आमचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही कविता न गाळता, वाचला होता. असं करणारे तेच. माझा ‘साहित्य आणि संवेदना’ हा अग्रलेख फक्त रोबोंनी पूर्ण वाचला.

आणि पणती. शुभेच्छापत्रं वाटणाऱ्या कुठल्याशा साइटनं आमच्या मुखपृष्ठावरची पणती उचलली होती. उचलली म्हणजे उतरवून घेतली असती तर चाललं असतं. त्यांनी नुसता तिचा पत्ता आपल्या पानात घातला. त्यामुळे ‘शुभ दीपावली’ त्यांची, पण ती बघणाऱ्या प्रत्येकाला पणती पाठवायचं काम आमच्या सर्व्हरकडे. नऊ एमबी दर शुभेच्छेला. चित्रकार स्नेह्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना राग यायच्या ऐवजी गहिवरून आलं.

यंत्रं, चोर आणि आम्ही, असे वाटे काढल्यावर जे उरलं ते मानवजातीचं. त्यातलेही बरेच जण पणतीची वात दिसायच्या आत निघून गेले होते. मात्र निम्मी उतरलेली पणतीही मीटरवर निम्मी लागते.

खजिनदारांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एक वेगळाच मुद्दा काढला. त्यांच्या नातवाकडून त्यांना कळलं होतं की युटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षि’ लिहायचं तर क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून बारा बाइट. “जोडाक्षरं कमी करा,” ते म्हणाले, “ती फार महाग पडताहेत.” कवींनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे.

भाच्यानं हिशेब केला. आमच्या अंकात सगळं मिळून साधारण तीन लाख चिन्हं होती. प्रत्येकी तीन बाइट धरले तरी नऊ लाख. सगळे लेख, कथा, कविता, माझा अग्रलेख, राशिभविष्य धरून आम्हा सर्वांच्या प्रतिभेचं एकत्रित वजन एक एमबीसुद्धा नव्हतं. सर्व्हर पाठवताना मजकूर दाबून पाठवतो, तेव्हा ती आणखी आक्रसते. बाकी जे काही वजन होतं ते पणती, सनई आणि माझ्या छायाचित्राचं.

१०० एमबीपीएसच्या पोर्टवर माझी थोडी भिस्त होती. तीही गेली. खरी बँडविड्थ म्हणजे तो वेग, सेकंदाला किती माल जाऊ शकतो ते. महिन्याला एकूण किती माल जाऊ द्यायचा ही गोष्ट वेगळी, पण होस्टिंगवाले तिलाही बँडविड्थच म्हणतात. शिवाय वेग मोजतात बिटमध्ये आणि कोटा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिट हे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट झाले. त्या वेगानं दहा जीबी चौदा मिनिटांच्या आत संपतात. मी मिशीवर ताव देत सांगत होतो तो वेग, महिना किती लवकर बुडवता येईल त्याचा होता.

१ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाआधीच, साइट जिवंत झाली, आणि भाच्यानं तिला पथ्यावर घातलं. चित्रांची रुंदी बाराशे ठिपक्यांवर आणली आणि ती वेबपी नावाच्या हलक्या फाइल-प्रकारात साठवली. पणती नऊ एमबीवरून शंभर-सव्वाशे केबीवर आली. चित्रकारांना मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवल्या, त्यांना नवीच जास्त आवडली. पान खाली सरकवल्याखेरीज खालची चित्रं उतरू नयेत अशी तजवीज झाली. कविता टाइप झाल्या. टाइप केल्यावर त्या इतक्या छोट्या दिसू लागल्या की कवींनी आणखी चार पाठवल्या. सनई वाचकाच्या मर्जीवर सोडली. अजून तरी कुणी ती वाजवलेली नाही. जाहिराती लुकलुकायच्या थांबल्या. माझं छायाचित्र पंचवीस केबीचं झालं. सौ. म्हणाली, “आता खरं दिसताय तेवढे दिसताय.” चित्रांच्या प्रती जगभर विखुरलेल्या सर्व्हरांवर ठेवून वाचकाला जवळच्या ठिकाणाहून देणारी सीडीएन सेवाही जोडली. तिचा फुकट वर्ग असतो, हे कळल्यावर खजिनदार पहिल्यांदाच तंत्रज्ञानाबद्दल आदरानं बोलले.

रोबोंसाठी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक फाइल ठेवावी लागते. इथे या, तिथे जाऊ नका, अशी त्यात विनंती असते. ही पद्धत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि योगायोग असा की त्याच २०२२ च्या सप्टेंबरात इंटरनेटच्या मानकांत तिची रीतसर नोंद झाली. ती पाळायची सक्ती मात्र कुणावर नाही. भले रोबो पाळतात, बाकीचे पाळत नाहीत.

पणतीचोरांचा बंदोबस्त एका ओळीच्या नियमानं झाला असता. पण खजिनदारांनी तो हट्टानं एक दिवस लांबवला. पणतीच्या जुन्या पत्त्यावर त्यांनी दुसरंच एक छोटं चित्र ठेवलं : ‘अंकाची वर्गणी अद्याप मिळालेली नाही. कृपया त्वरित भरावी.’ त्या दिवशी शुभेच्छापत्र उघडणाऱ्यांना सोनेरी तोरणाखाली ही तगाद्याची नोटीस दिसली. रात्रीपर्यंत त्या साइटनं आमचं चित्र काढून टाकलं. वर्गणी कुणी भरली नाही.

आता पहिलं पान एक एमबीच्या आत बसतं. म्हणजे त्याच ‘स्टार्टर’ योजनेत, त्याच दहा जीबीत, महिन्याला दहा हजार वेळा अंक उघडता येईल. पुढच्या वर्षी चाळीस टक्केसुद्धा कोटा संपला नाही, तेव्हा खजिनदारांनी विचारलंच, “उरलेला परत करतात का?”

तेव्हा साइट काढणाऱ्यांनो, होस्टिंगच्या पानावरचे दागिन्यांचे भाव बघण्याआधी आपलं पान तोला. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ नावाचा भाग असतो, तो उघडून पान ताजं केलं की वजन खाली लिहून येतं. त्याला एक माणूस किती पानं पाहील त्यानं गुणा, मग महिन्याला किती माणसं येतील त्यानं गुणा, आणि आलेला आकडा यंत्रं, चोर व सणवार यांच्यासाठी दुप्पट करा. माणसांचा अंदाज करताना मित्रांनी जोडलेले हात मोजू नका. मग विकणाऱ्याला विचारा : कोटा संपला तर साइट बंद करता, वेग कमी करता, की जादा पैसे लावता? ईमेल त्यातच धरता का? महिना कोणत्या तारखेला बदलतो? दुसऱ्या वर्षीचा भाव काय? अनलिमिटेड म्हणाला तर नियमावली मागा, आणि ती वाचायला बँकेतून निवृत्त झालेला शेजारी मिळाला तर त्याला चहा पाजा.

आमचा यंदाचा अंकही वसुबारसेलाच येतो आहे. जरूर वाचा, इतरांनाही पाठवा. फक्त मुखपृष्ठ एकदा दिसलं की कंट्रोल आणि एफ-५ दाबू नका. तेवढं काम आम्ही इथे करतो आहोत.